घाफियात राहतं कोण?

अमिरातीत महिनाभर राहून आलो आणि ती जगातली सर्वांत उंच इमारत पाहिलीच नाही, हे कळल्यापासून वसईत माझी पत पार घसरली आहे. मॉलमधला बर्फ पाहिला नाही, सोन्याचा बाजार पाहिला नाही, मग गेला होतास कशाला, असं लोक तोंडावर विचारतात. मी बहिणीकडे गेलो होतो. माझी धाकटी बहीण सबीना घाफियात नर्स आहे, म्हणजे तेव्हा होती. घाफिया हे अल ऐन शहरापासून गाडीने तासभर आत असलेलं खेडं. एका बाजूला बोडका डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मधल्या पट्ट्यात खजुराचे मळे. घाफ नावाच्या झाडावरून गावाचं नाव पडलंय. हे घाफ म्हणजे आपली शमीच. इतक्या लांब जाऊन ओळखीचं काही भेटलं असेल तर ते एवढंच.

मी जन्मभर ग्रामसेवकाची नोकरी केली. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. नवं गाव दिसलं की लोक देऊळ किंवा चर्च बघतात, मी आधी गटार बघतो, मग पाण्याची टाकी कुठून झिरपते ते बघतो. दुबईच्या विमानतळावरून मला घ्यायला सबीनाचे यजमान बस्त्यावभावोजी आले होते. वाटेत सिलिकॉन ओएसिस नावाची उंच काचेची वस्ती लागली. भावोजी अभिमानाने काहीबाही दाखवत होते आणि मी विचारत होतो, "इथली घरपट्टी कोण गोळा करतं?" त्यांनी रेडिओ लावला.

गावात पहिला फेरफटका

सकाळी उन्हं तापायच्या आत गाव पाहायला निघालो. रस्ता असा की त्यावरून आमच्या तालुक्याचा अख्खा मोर्चा जाईल. दोन्ही बाजूंना दिवे. चौकात सिमेंटची भलीमोठी कॉफीची किटली. मशीद, शाळा, दवाखाना, बाग. बागेत झोपाळे होते आणि ते वाऱ्याने आपले आपणच हलत होते. उंच भिंतींमागे पांढरी घरं, सगळ्यांची फाटकं बंद. आमच्या गावात रस्ता करायचा म्हटलं की आधी भांडण होतं आणि मग रस्ता राहून जातो. इथे रस्ता झाला होता, पण भांडायला माणूस नव्हता.

अर्ध्या तासाने एक माणूस दिसला. तो कुट्टी, किराणा दुकानवाला. दुकानाला इथे बकाला म्हणतात. त्याने वेलची घातलेला दाट चहा दिला. दोन दिरहम, म्हणजे पन्नासाला टेकलेच की, असं मी मोठ्याने म्हणालो. सबीना म्हणते, पहिल्या आठवड्यात सगळेच असं मोठ्याने म्हणतात.

"इधर का आदमी लोग किधर है?" मी विचारलं.

"शहर में, साब. शुक्रवार को आएगा. शादी होगा तो ज़रूर आएगा."

"और बाकी दिन इधर कौन रहता है?"

"कोई नहीं रहता, साब," कुट्टी म्हणाला. तो स्वतः दुकानाच्या माळ्यावर कित्येक वर्षं राहत होता.

दुपारी भावोजींनी त्यांच्या रिसॉर्टवर नेलं. तिथे ते मॅनेजर आहेत. गोऱ्या पर्यटकांना अस्सल अरबी ग्रामजीवन दाखवायचं, हा तिथला धंदा. पांढरा झगा घालून दारात स्वागत करणारा अरब नेपाळचा होता. उंटाची दोरी पेशावरच्या माणसाच्या हातात होती. आणि तंबूत बसून वाळवंटातल्या पाहुणचाराची परंपरा समजावून सांगत होते आमचे बस्त्यावभावोजी, मूळ राहणार वसई. पर्यटक भारावून फोटो काढत होते. भावोजींनी मला डोळा मारला आणि पोऱ्यांना ओरडले, "यल्ला, यल्ला, चाय लाव!"

बलदियात

पंचायत कुठे, सरपंच कोण, ग्रामसभा कधी, हे मी घरी इतक्यांदा विचारलं की माझी भाची रिया वैतागली. ती अल ऐनच्या विद्यापीठात शिकते आणि सुट्टीला घरी येते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा संवाद चालतो. "मामा, देअर इज नो सरपंच. देअर इज अ‍ॅन अ‍ॅप," ती म्हणाली.

मग भावोजी मला बलदियाच्या शाखेत घेऊन गेले. बलदिया म्हणजे नगरपालिका. कचेरी लखलखीत, कुठेही पानाची पिंक नाही, खिडकीवर रांग नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आतले अधिकारी अबू सालेम यांनी आम्हाला गालिच्यावर बसवलं आणि खजूर व कॉफी आणवली. कॉफीचा कप चिमणीएवढा. संपला की वाढणारा लगेच भरतो. नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून मी पीत राहिलो. छातीत धडधडायला लागल्यावर भावोजींनी मराठीत सांगितलं की पुरे असेल तर कप हातात जरा हलवायचा असतो. तोवर माझा हात आपोआपच हलायला लागला होता.

अबू सालेमना कामचलाऊ हिंदी छान येत होती. मी घाफियाची लोकसंख्या विचारली. त्यांनी घराणी मोजली, कोणत्या घरात किती मुलगे, ते कुठे नोकरीला, सगळं तोंडपाठ. माझ्याहून बरा ग्रामसेवक. मग मी विचारलं, "और मळे में जो लोग हैं? दुकान में, रिसॉर्ट में?"

प्रश्न त्यांना खरोखरच नवा होता.

"वो लोग रहता नहीं, हबीबी," ते प्रेमाने म्हणाले, "वो लोग काम करता है."

त्यात कुजकेपणा नव्हता. मळेकऱ्यांचे पत्ते कागदोपत्री त्यांच्या मालकांच्या शहरातल्या कचेऱ्यांचे. सबीनाचाही पत्ता अल ऐनचाच. आमच्याकडच्या याद्यांमध्ये मेलेली माणसंसुद्धा दर निवडणुकीला हजर असतात. इथे धडधाकट माणसं यादीत नव्हती. आपलं खातं जास्त दयाळू आहे, असं मला वाटून गेलं.

सबीनाचं गाऱ्हाणं

त्या दिवशी जेवणात सुक्या बोंबलांची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. सबीनाने ताटात हात फिरवत, माझ्याकडे न बघता सांगितलं, "दादा, आमचा दवाखाना बंद करतायत."

"का?"

"लोकसंख्या नाही म्हणून. पेशंटच येत नाहीत. मुख्य कचेरीची मॅडम पुढच्या आठवड्यात शेवटची बघायला येणार आहे. मग मला रुवैसला पाठवतील."

रुवैस म्हणजे पश्चिमेच्या टोकाला, समुद्रकाठचं तेलशुद्धीचं गाव. इथून जायला अख्खा दिवस मोडतो. भावोजींची नोकरी रिसॉर्टवर, ती सोडली तर व्हिसा जातो. रियाचं कॉलेज अल ऐनला. म्हणजे दर शनिवारी एका टेबलावर जेवणारं घर तीन दिशांना जाणार होतं. सबीनाने पन्नाशीत नव्या गावी एका खोलीत एकटीने राहायचं, आणि नवऱ्याने इथे रिसॉर्टचं उरलेलं खायचं.

"इन्शाल्ला होईल काहीतरी," भावोजी म्हणाले. ते शब्द ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून काही होणार नाही हे मला कळलं.

मी मात्र एकदम तरतरीत झालो. कारण हे काम माझ्या खात्यातलं होतं. आमच्याकडे साहेबांची भेट यायची म्हणजे काय करायचं हे प्रत्येक ग्रामसेवकाला ठाऊक असतं. गाव जमवायचं. शाळा बंद पडत असेल तर शेजारच्या गावची पोरं आणून बाकांवर बसवायची. उपकेंद्र बंद पडत असेल तर ओटीवर म्हाताऱ्या बसवायच्या. एकदा तर मी लग्नाचं आख्खं वऱ्हाड आरोग्य केंद्राच्या रांगेत उभं केलं होतं. साहेब गर्दी बघून घाबरले आणि केंद्राला एक जादा खोली मंजूर करून गेले.

"दादा, इथे असं चालत नाही," सबीना म्हणाली.

"गर्दी सगळीकडे चालते," मी म्हणालो.

गाव जमवलं ते

भावोजींनी रिसॉर्टची बस मिळवली. भेटीच्या दिवशी सकाळीच आम्ही मळ्यामळ्यांवरून फिरलो आणि मुकादमांना पटवून माणसं भरली. बंगाली, नेपाळी, पेशावरी. कुट्टीने दुकान बंद ठेवलं. रिसॉर्टचा झगेवाला अरबही आला, झगा काढून. पाण्याचा टँकर चालवणारे खानसाब मागच्या सीटवर बसले.

बसमध्ये उभं राहून मी आजार वाटले. सगळ्यांनी एकच सांगितलं तर संशय येतो, हा माझा अनुभव. "तुम पेट. तुम घुटना. तुम दोनों खुजली." खानसाब काही केल्या आजारी पडायला तयार होईनात, म्हणून त्यांना कुट्टीच्या सोबतीला आलेला माणूस केलं. शेवटी बकऱ्या सांभाळणारा रहमत राहिला. बारीकसा, डोळे लाल.

"तुम सर," मी डोक्याला हात लावून सांगितलं.

"साब, सर तो सच में दुखता है," रहमत म्हणाला.

"शाबास! बिलकुल ऐसाच बोलने का!" मी त्याची पाठ थोपटली.

दवाखाना भरून गेला. सबीना कपाळाला हात लावून बघत होती. इतकी माणसं त्या खोलीने कधी पाहिली नव्हती. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले, दोघंतिघं पायरीवर बसले. सुदानी डॉक्टर आतून डोकावले आणि दार लावून घेतलं. मी एका कोपऱ्यात गुडघा धरून बसलो. माझा गुडघा खरंच दुखतो, पण तो मुद्दा नाही.

मुख्य कचेरीच्या मोझा मॅडम आल्या त्या स्वतः गाडी चालवत. वय रियाहून दहाएक वर्षांनी मोठं असेल. काळा अबाया, पायात खेळाडू घालतात तसे बूट. त्या दारात थबकल्या. आता खोली मंजूर होणार, म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. तिथे रुग्णाला किती वेळ थांबावं लागतं ते दिसतं. आकडा हिरव्याचा लाल झाला होता आणि वाढतच होता.

मॅडम इंग्रजीत बोलत होत्या, मी इथे मराठीत देतो. "सिस्टर, हे काय आहे? अख्ख्या विभागात तुमचा दवाखाना पहिला होता. इथे कुणालाही एक मिनिट थांबावं लागत नव्हतं."

म्हणजे असं होतं. रुग्ण येत नाहीत म्हणून दवाखाना बंद करायचा होता, आणि रुग्णांना थांबावं लागत नाही म्हणून त्याच दवाखान्याला बक्षीस मिळत होतं. मी आणलेल्या गर्दीने बंद होणं थांबेल असं काही दिसेना, वर बक्षीसही गेलं. सबीनाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

पण मॅडमनी खुर्ची ओढली, बाह्या वर केल्या आणि सांगितलं, "आलेत ना हे सगळे? मग एकालाही न तपासता सोडायचं नाही."

इथून माझी योजना माझ्या हातातून गेली. ज्याला मी पोट दिलं होतं त्याला कावीळ निघाली. खाजवाल्या दोघांच्या अंगावर खरोखरच खरजेचे चट्टे होते, म्हणून तर बसमध्ये माझा शब्द ऐकून ते दचकले होते. सोबतीला आलेल्या खानसाबांची साखर बघून डॉक्टरांनी यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं मागवलं. त्यानेही तेच सांगितलं. मी खोटे आजार वाटत फिरत होतो आणि लोक बिचारे मुकाट्याने खरे आणत होते.

सबीनाने रहमतच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि ती उठून उभी राहिली. "डॉक्टर!" एवढंच ती म्हणाली. आमच्याकडे अॅम्ब्युलन्सला फोन केला की आधी डिझेलचं बोलणं होतं. इथे मी उठून खुर्ची बाजूला करतोय तोवर गाडी दारात होती. त्याला झोपवून नेताना मॅडमनी विचारलं, "इतके दिवस का आला नाहीस?"

रहमतला प्रश्न सोपा वाटला असावा. "आज बस आया, मॅडम," तो म्हणाला.

मळ्यांकडे

मॅडमनी दोन प्रश्न विचारले आणि भावोजींनी सगळं कबूल केलं. मी पुढे होऊन म्हणालो की कल्पना माझी. मला वाटलं, आता पोलीस. त्या म्हणाल्या, "गाडीत बसा. मला मळे दाखवा." सबीना पुढे बसली, मी मागे.

हमरस्ता सोडला आणि दिवे संपले. गावच्या चौकातून मळे दिसतात ते हिरवेगार. जवळ गेलं की खजुराच्या झाडांमागे पत्र्याच्या खोल्या, झावळ्यांवर वाळत घातलेल्या लुंग्या, तापलेली प्लास्टिकची टाकी. पाटाचं पाणी मात्र खळाळत होतं, अगदी आमच्या वाडीतल्यासारखं. तिथून दवाखान्यापर्यंत सावली नाही, बस नाही. दिवस मोडून, मुकादमाला विचारून, उन्हात चालत यायचं. मग कोण येणार? मॅडम एकेका खोलीत डोकावत होत्या. किती जण राहतात, हे त्यांनी प्रत्येक दारात विचारलं. हा शब्द, राहतात, त्यांनीच वापरला.

परत येताना त्यांनी एका घाफच्या झाडाखाली गाडी थांबवली. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "मला वरून दोन्ही मिळणार नाहीत. आजची गर्दी दाखवून मी हा दवाखाना वाचवू शकते. नाहीतर तो बंद करून, आठवड्यातून दोनदा मळ्यांवर फिरणारी गाडी मागू शकते. गाडीचा डॉक्टर, नर्स, सगळे अल ऐनहून येतील. तुम्ही इथे इतकी वर्षं आहात. काय मागू?"

मी मागून खोकलो. सबीनाच्या सीटला गुडघा लावला. आयुष्यात मी इतक्या साहेबांना इतक्या गोष्टी पटवल्या, पण एवढा सोपा प्रश्न कुठल्याही साहेबाने विचारला नव्हता. उत्तर एका शब्दाचं होतं, दवाखाना म्हण आणि सूट.

सबीना काचेतून बाहेर बघत होती. तिने पदराऐवजी हातातला रुमाल तोंडावरून फिरवला.

"गाडी मागा, मॅडम," ती म्हणाली.

"तुम्हाला रुवैसला जावं लागेल."

"ठाऊक आहे."

मला तिचा राग आला, आणि अभिमानही वाटला, आणि मी तिच्या सीटला लावलेला गुडघा काढून घेतला. गाडी पुन्हा सुरू झाली.

निघण्याआधी

आमच्याकडे एखादी गोष्ट बंद करायचं ठरलं की ती बंद करायलाच इतकी वर्षं लागतात, की मधल्या काळात सगळ्यांच्या पोरांची लग्नं होऊन जातात. या दिरंगाईत केवढी माणुसकी आहे हे मला घाफियात समजलं. इथे पंधरवड्यात पाटी उतरली. गाडी मंजूर झाली, आली आणि सुरूही झाली. त्याच चपळाईने सबीनाची बदली झाली. भावोजी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्यासाठी खजुराची खोकी बांधून दिली.

मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही हॉलमध्ये सामानाच्या खोक्यांमध्ये बसलो होतो. रियाही आली होती. सबीनाच्या फोनवर निरोप आला. आपल्या बदलीची प्रक्रिया पूर्ण झाली आहे, या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? खाली तीन चेहरे होते: एक हसरा, एक मख्ख, एक रडका.

"रडका दाब," भावोजी म्हणाले. "चांगला दोनदा दाब."

"मम्मी, जस्ट बी ऑनेस्ट. इट्स अनॉनिमस," रिया म्हणाली.

मी अनुभवाने सांगितलं की मधला दाबावा, तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

सबीनाने भावोजींना विचारलं, "गाडी काल मळ्यावर गेली ना? रहमतला गोळ्या मिळाल्या?"

"मिळाल्या. खोलीच्या दारात आणून दिल्या म्हणे."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि तिने हसरा चेहरा दाबला. पडद्यावर रंगीत फुगे उडाले. आपला आनंद हेच आमचं ध्येय, असं लिहून आलं.

तिने फोन पालथा ठेवला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. भावोजी खोकी ओलांडून तिच्याजवळ जाऊन बसले. रियाने तिचा हात धरला.

"मला नाही रे जायचं रुवैसला, दादा," ती म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच बोलून दाखवलं, आणि तेही आम्हाला. ज्यांनी विचारलं होतं, त्यांना उत्तर देऊन झालं होतं.